पलंगाखाली दोन विटा

खणभागातल्या आमच्या डंकावर
मार्च लागला की अख्खी गल्ली शिंकते.
ब्याडगी, लवंगी, भाजून काळं केलेलं खोबरं,
धने, दगडफूल, नागकेशर,
डबे घेऊन रांगेत बायका
आणि मधोमध मी, तोंडाला पदर,
बत्तीस वर्षं.

चटणी उतरली की चिमूट तळहातावर,
तिथून जिभेवर,
मग गिऱ्हाइकाकडं बघून एकच शब्द.
"मीठ."
किंवा "लसूण."
किंवा नुसतीच मान.
त्या मानेसाठी कुपवाडपासून लोक यायचे.

एका रात्री दोन वाजता
आंबट पाणी घशाशी आलं
आणि छातीच्या हाडामागं
कुणीतरी डंक चालू केला.
म्हटलं, झालं. हार्ट.
आमचे हे लुंगीवरच रिक्षा शोधत
हरभट रोडपर्यंत अनवाणी पळाले.

हृदय ठणठणीत निघालं.
मग मिरजेच्या डॉक्टर मगदुमांनी दुर्बीण घातली
आणि नंतर फोटो दाखवला,
माझीच अन्ननळी, खालच्या टोकाला लालभडक,
थेट आपल्या चटणीचा रंग.
"झडप सैल झालीय," म्हणाले.
मी म्हटलं, डंकाची असती तर मीच आवळली असती.
हसले नाहीत. लिहीत राहिले.

सकाळी उपाशीपोटी एक गोळी.
मग अर्धा तास काही नाही,
चहासुद्धा नाही.
त्या अर्ध्या तासाचं करायचं काय
हे मात्र चिठ्ठीवर नव्हतं.
पायरीवर बसून राहते.
समोरच्या सोनाराच्या म्हातारीला
रोज उन्हात आणून बसवतात,
तिचे केस तिचा नातू विंचरतो,
हे मला या वयात कळलं.

रात्रीचं जेवण साडेसातच्या आत.
पलंगाच्या उशाकडं दोन विटा.
विटा आणल्या विट्याच्या मेव्हण्याकडनं,
यावर हे आठ दिवस हसत होते.
आणि आठही दिवस पहाटे
आम्ही दोघं घसरून पायथ्याशी गोळा.

तिसऱ्या महिन्यात मी शहाणी झाले.
बरं वाटतंय, मग गोळी कशाला?
कवठ्याला भाच्याच्या पोराचं जावळ,
तांबड्या रश्श्याच्या दोन वाट्या,
आग्रहाची तिसरी.
ती रात्र खुर्चीत बसून काढली.
मगदूम म्हणाले, "बरं वाटत होतं ते गोळीमुळंच, बाई.
कमी करायची तेव्हा मी सांगीन. हळूहळू."
एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता चिमूट रुकय्याच्या तळहातावर.
एकवीस वर्षांची पोर. चाखते
आणि गिऱ्हाइकाकडं नाही, माझ्याकडं बघते.
मी वास घेते, रंग बघते,
बोटांत चोळून तेल बघते.
परवा म्हणाली, "मावशी, लसूण जास्त झालाय."
मी म्हटलं, नाही झाला.
गिऱ्हाइकानं चाखलं.
झाला होता.
त्या दिवशी जे जळलं
त्याला मगदुमांकडं गोळी नव्हती.

पण काल कुपवाडची बाई आली, म्हणाली,
"तुमची मान हलल्याबिगर न्हेत न्हाई."
रुकय्यानं चाखलं, डोळे बारीक केले, थांबली.
मी तिच्या तोंडाकडं बघितलं
आणि मान हलवली.
बाई डबा घेऊन गेली.

रात्री दुधी भोपळा, मऊ भात,
आणि हाताला ब्याडगीचा वास, धुऊनसुद्धा.
डॉक्टर म्हणतात डाव्या कुशीवर झोपा.
डावीकडं भिंत आहे.
बत्तीस वर्षं ह्यांच्याकडं तोंड होतं,
आता पोपडे मोजते, बारा आहेत,
एक मोराएवढा.

आज दिवा मालवून आले तर
हे आपली उशी घेऊन
भिंतीकडं सरकलेले.
"सर की," म्हटलं, "माझी जागा."
घोरायचं नाटक चालूच.
मी डाव्या कुशीवर वळले.